वजा गाडेकर सर

सोमवार, सोळा जून, सकाळचे सात वाजून बारा मिनिटे. ही वेळ माझ्या वहीत नोंदलेली आहे. कारण विश्वास बसणार नाही असे काही दिसले की आधी घड्याळ पाहायचे आणि मग तोंड उघडायचे, हे प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेने मला शिकवले आहे. शाळेतला माझा तो पहिला दिवस होता. कोल्हारपासून सहा किलोमीटरवर, चहूबाजूंनी उसाने वेढलेल्या त्या शाळेच्या मागच्या अंगाला पत्र्याचा एक गोठा होता. गोठ्यापुढे पांढरा सदरा, पांढरी विजार आणि खिशाला तीन पेने अशा वेषातले एक काटकुळे गृहस्थ हजेरीपट उघडून उभे होते आणि खणखणीत आवाजात हजेरी घेत होते.

"आक्का!"

"बें," असे आतून उत्तर आले.

"ठमाबाई!"

"बें."

"मैनाताई... हां. चंद्राबाई... हां. बिजली! बिजली? अहो बिजली, शाळेचा पहिला दिवस आणि पहिल्याच दिवशी असं?"

पाचव्या शेळीने घमेल्यातून तोंड न काढता काहीतरी पुटपुटले. गृहस्थांनी ते ग्राह्य धरले नाही. त्यांनी खिशातले लाल पेन काढले, हजेरीपटात शेरा लिहिला आणि तो मोठ्याने वाचूनही दाखवला: "हजर, परंतु लक्ष नाही."

मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "तुमी सायन्सच्या नव्या म्याडम ना? या. तुमच्या नावावर बारा कोंबड्या टाकल्यात."

हे गाडेकर सर, कार्यानुभवाचे शिक्षक. शेळी नावाला ओ का देते, याचे शास्त्र मला चार सेकंदांत उमगले होते. प्रत्येक नावाबरोबर सरांच्या डाव्या मुठीतून हिरव्या घासाची एक काडी त्या त्या शेळीकडे जात होती. आवाज आणि अन्न यांची सांगड एकदा बसली की असे घडते, हे पाठ्यपुस्तकातच आहे. तरीही "आक्का" म्हटल्यावर फक्त आक्काच मान वर करते आणि शेजारची ठमाबाई ढिम्म राहते, हे प्रत्यक्ष पाहताना मी हरखून गेले होते. कोंबड्यांना मात्र नावे नव्हती, एक ते बारा क्रमांक होते. कारण विचारले तेव्हा सर गंभीरपणे म्हणाले, "कोंबडीला नाव ठेवलं की मुंगूस तिलाच उचलतं. माझा अनुभव हाय."

त्याच दिवशी दुपारी मुख्याध्यापकांनी, म्हणजे आमच्या हेडसरांनी, मला बाजूला घेतले. "गाडेकरांचं फार मनावर घेऊ नका. नोव्हेंबरअखेर ते निवृत्त होतायत. तोवर चालू दे. नंतर कुणा शिक्षकानं लेखी जबाबदारी घेतली तर ठीक, नाहीतर शेळ्या बाजारात आणि गोठ्याच्या जागी गाड्यांची शेड. समितीत ठरलंय तसं."

"आणि जबाबदारी कोण घेणार आहे?"

हेडसर नुसते हसले. मीही तो विषय तिथेच सोडला. मला पुण्यात संशोधनाची जागा मिळवायची होती. ही शाळा माझ्या हिशेबी एक वर्षाचा थांबा होता.

सरांची पद्धत अशी. पाचवी ते आठवीच्या मुलांना प्राणी वाटून दिलेले असत आणि त्या प्राण्याच्या बाबतीत मुलाला "पालक" म्हटले जाई. पालकाने सकाळी गोठा झाडायचा, पाणी बदलायचे, घास किंवा उसाच्या हिरव्या शेंड्यांचे वाढे घालायचे आणि नोंदवहीत सही करायची. प्रत्येक शेळीला दोन-तीन पालक आणि त्यांतला एक मुख्य. एरवी सर मुलांना "अरे" आणि शेळ्यांना "अहो" म्हणत. आठवीतल्या साहिलने एकदा यामागचे कारण विचारले. "त्या दूध देतात," सर म्हणाले, "तू काय देतोस?"

आमच्या भागात अभ्यास न करणाऱ्या मुलाला "शेळ्या वळायला जा" म्हणायची रीत आहे. गाडेकर सरांच्या राज्यात हा टोमणा उलटा चाले. पाणी बदलायला विसरलेल्या एका हुशार मुलाला ते म्हणाले होते, "शेळ्या वळायला अक्कल लागती, बाळा. तुझ्याच्यानं न्हाई व्हायचं. तू आपला नुसता पहिला नंबर काढ." तो मुलगा तीन दिवस गोठ्यातून हलला नाही. "आमी पोरगं शाळंत घातलंय का कोंडवाड्यात?" असे विचारत भांडायला आलेल्या एका वडिलांना सरांनी दोन तास बसवून घेतले आणि परत जाताना त्यांच्या हातून चंद्राबाईंची खुरे कापून घेतली.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी वजन होई आणि त्यानंतर पालकसभा. या सभेत सर शिक्षक म्हणून उभे राहत आणि मुले पोत्यांवर पालक म्हणून बसत. मी पाहिलेल्या पहिल्या सभेतला हा संवाद मी शब्दशः टिपून ठेवला आहे.

"बिजलीचं वजन चारशे ग्रॅम घटलंय. पालक कोण?"

साहिल उभा राहिला. "मी, सर."

"घरी वातावरण कसं हाय?"

"कुणाच्या घरी, सर?"

"बिजलीच्या. गोठ्यात. तुमचं लक्ष असतं का, का सगळं शाळेवर सोडून दिलंय?"

"ती ऐकतच न्हाई, सर. स्वतःचं सोडून सारखी मैनाताईच्या घमेल्यात तोंड घालती."

"दुसऱ्यांच्या लेकरांवर ढकलू नका, पालक. तिच्याशी बोलत जा. रोज दहा मिनिटं द्या."

साहिलने मान खाली घातली. नेमकी हीच वाक्ये गेल्या महिन्यात खऱ्या पालकसभेत साहिलच्या वडिलांना ऐकवली गेली होती, हे मला नंतर कळले.

वजनाची रीत तर त्याहून अचाट होती. शाळेत धान्याच्या दुकानातून आलेला एक जुना, दांडीचा काटा होता. त्यावर शेळी स्वतःहून कशी उभी राहणार? म्हणून सर शेळीला कवेत घेऊन काट्यावर चढत आणि मुले एकूण वजनातून सरांचे वजन वजा करत. नोंदवहीत तसा छापील वाटावा इतका सुबक रकाना आखलेला होता: "वजा गाडेकर सर : ६१". प्रत्येक महिन्यात, प्रत्येक ओळीत एकसष्ट.

हे पाहून माझ्यातल्या शास्त्रज्ञाला राहवले नाही. "सर, माणसाचे वजन बदलते. तुम्हाला दर वेळी आधी एकट्याला काट्यावर उभे राहायला हवे."

सरांना ते लागले. "माझं वजन एकसष्ट हाय, म्याडम. नोकरीला लागलो तवा एकसष्ट हुतं, आजबी एकसष्ट हाय. दुपारी शाळेची खिचडी, रात्री भाकर-दूध. बदलणार कशानं?"

दुपारच्या खिचडीची चव एका शिक्षकाने आधी घ्यायची, असा नियम आहे आणि त्याची नोंदवही असते. त्या वहीत वर्षानुवर्षे एकच सही होती, कारण सरांची चव म्हणजे दोन भरलेली ताटे असत. मी जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर असे तीन महिने सरांना एकटे उभे करून तपासले. तिन्ही वेळा दांडी एकसष्टावर स्थिर. चौथ्या महिन्यापासून मी तपासणे सोडून दिले. ही माझी चूक होती, हे इथेच सांगून ठेवते.

सरांचे सर्वांत आवडते वाक्य मात्र वेगळेच होते: "बदली कोण?" गोठ्यातल्या कुणालाही रजा हवी असेल तर रजेचा अर्ज त्या प्राण्याच्या नावे लिहावा लागे. तो प्राण्यासमोर उभे राहून मोठ्याने वाचावा लागे. आणि त्यावर बदली येणाऱ्या मुलाची सही लागे. शेळीला सही करता येत नसल्याने तिच्या वतीने मुख्य पालक अर्ज मंजूर किंवा नामंजूर करी. आक्काची मुख्य पालक होती आठवीतली सानिका. शेळीहून थोडीशीच उंच, आवाज मात्र हेडसरांपेक्षा मोठा. तिला स्वतःला रजा लागली की सर सही करत. मामाच्या लग्नासाठी तिने आक्कापुढे वाचलेला अर्ज माझ्या संग्रही आहे: "माननीय आक्का यांस, मी तीन दिवस कोपरगावला जात आहे. आपण माझ्या माघारी कागद खाऊ नयेत. बदली: श्रेया."

"श्रेयाची सही कुठं हाय?" सरांनी विचारले.

"सर, ती म्हणली मी करीन सगळं."

"तोंडी चालणार न्हाई."

सानिकाने पावसात सायकल मारत जाऊन श्रेयाची सही आणली. सरांचा हा प्रश्न माणूस, प्रसंग काही पाहत नसे. हेडसरांनी शिक्षकदालनात स्वतःच्या मुलीच्या लग्नाचे सांगितले, तेव्हाही सर पटकन बोलून गेले, "बदली कोण?" हेडसर म्हणाले, "अहो, मुलीच्या लग्नात बापाच्या जागी बदली कुठून आणू?"

जुलैत मला पुण्याला मुलाखतीला जायचे होते. दोन दिवसांची रीतसर रजा मी हेडसरांकडून घेतली. पण बारा कोंबड्यांसमोर उभे राहून अर्ज वाचायला मी साफ नकार दिला. मी पदव्युत्तर पदवी घेतलेली स्त्री आहे. मी जाता जाता साहिलला सांगितले. साहिलने चुलतभावाला सांगितले. चुलतभावाला वाटले, उद्यापासून. खुराडे साडेअकरापर्यंत उघडलेच नाही, पाणी संपले आणि क्रमांक सात मान टाकून पडली. सानिकाने तिच्या चोचीत थेंबथेंब पाणी सोडून तिला वाचवले.

पुढच्या शनिवारी पालकसभेत सरांनी चष्मा नीट केला. "कोंबडी क्रमांक सात. पालक कोण?"

मी पोत्यावरून उठले. "मी."

चाळीस मुलांनी माना वळवल्या. सर माझ्याकडे अत्यंत सहानुभूतीने पाहत म्हणाले, "घरी वातावरण कसं हाय?"

तो हशा शाळेसमोरच्या फाट्यापर्यंत ऐकू गेला असणार.

अपमानाला माझ्याकडे एकच उत्तर असते, ते म्हणजे प्रयोग. सहा आठवडे मी अर्ज-पद्धतीचीच परीक्षा घ्यायचे ठरवले. रजेवर जाणाऱ्या काही मुलांनी शेळीपुढे अर्ज वाचायचा, उरलेल्यांनी बदलीला नुसते तोंडी सांगायचे. आणि दोन्ही परिस्थितींत शेळीने किती घास खाल्ला ते मोजायचे. सरांनी आश्चर्यकारक सहजतेने परवानगी दिली. सप्टेंबरात मी विजयी मुद्रेने तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. अर्ज वाचा अथवा वाचू नका, शेळी तेवढेच खाते. फरक शून्य.

सरांनी तक्ता दोनदा वाचला. "बरोबर हाय. शेळीला काय कळतंय अर्जातलं? पण म्याडम, यात पोरांचा रकाना कुठं हाय?"

"मुलांचा?"

"बदली वेळेवर आली का न्हाई, त्याचा."

तो रकाना मी आखलाच नव्हता. त्या दिवशी वहीवरून तो भरला. अर्ज वाचून गेलेल्या मुलांची बदली एकोणीस वेळांपैकी एकोणीसही वेळा वेळेवर आली होती. तोंडी सांगून गेलेल्यांची अकरापैकी चार वेळा. मग उरलेल्या सात वेळा शेळ्यांनी तेवढाच घास खाल्ला कसा? कारण त्या सातही वेळा घास घालणारी व्यक्ती मीच होते. शेळ्या उपाशी राहू नयेत म्हणून मी घास घालून मोकळी झाले होते आणि स्वतःला तक्त्यात मोजायलाच विसरले होते. मी इतकी उत्तेजित झाले की त्या संध्याकाळी राहात्याला घरी फोन करून आईला तासभर बदलीचे शास्त्र समजावत बसले. आई शेवटी म्हणाली, "बरं. पण तू जेवलीस का?"

ऑक्टोबरमध्ये पुण्याहून पत्र आले. माझी निवड झाली होती. जूनपासून रुजू व्हायचे होते. सगळ्यांत आधी सरांनी अभिनंदन केले आणि आश्चर्य म्हणजे "बदली कोण?" हे विचारले नाही.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. जो माणूस शाळेतल्या शिपायापासून हेडसरांपर्यंत सगळ्यांना बदली विचारतो, त्याने स्वतःच्या निवृत्तीबद्दल कुणालाही एक शब्द विचारला नव्हता. शिक्षकदालनात चहा होई, गप्पा होत, गाड्यांच्या शेडचा नकाशाही एकदा टेबलावर पसरला गेला. सर बशीतला चहा संपवून उठत आणि गोठ्याकडे जात. मुले मात्र उघड घाबरली होती. "म्याडम, आक्काला कोण घेईल हो बाजारात?" सानिका विचारायची. "गाभण हाय ती." मी काही उत्तर देत नसे, कारण माझ्याजवळ माहिती पुरेशी नव्हती, निदान मी स्वतःला तसे सांगत होते.

निरोप समारंभ नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी झाला. पाहुणे आले, हार आले. पाहुण्यांनी शाल उलगडून सरांच्या खांद्यावर टाकली न टाकली तोच सभागृहाच्या दारातून सानिकाची आरोळी आली.

"सर! आक्का व्यायला लागली!"

सर शाल सावरत धावले. त्यांच्यामागे आठवी धावली, आठवीमागे सातवी, मग मी. आणि पाहुण्यांच्या हातात नारळ तसाच राहिला. गोठ्यात पोचलो तेव्हा पहिले करडू गवतावर पडलेले होते, ओलेचिंब आणि चिडलेले. सरांनी खांद्यावरची सत्काराची शाल ओढली आणि त्या शालीनेच करडाचे नाक, तोंड, अंग खसाखसा पुसले. "नोंद करा! वेळ नोंद करा, म्याडम!" मी वेळ लिहिली. बारा मिनिटांनी दुसरे आले. पहिले दोन किलो शंभर, दुसरे एक किलो नऊशे. मुले ओरडत होती, एकमेकांच्या खांद्यावर चढत होती, धापा टाकत आलेले हेडसरही "अरे वा, जुळी!" म्हणत दारात गुडघ्यावर बसले.

सर वाकले तेव्हा त्यांच्या खिशातून तीन पेने आणि एक घडी घातलेला कागद खाली पडला. सानिकाने तो उचलला. वरची ओळ वाचून ती थबकली, मग आक्कासमोर सरळ उभी राहिली. कारण अर्ज प्राण्यापुढे मोठ्याने वाचायचा असतो, हा नियम होता.

"माननीय आक्का यांस. सविनय अर्ज करतो की, नियमाप्रमाणे माझे वय पूर्ण झाल्याने मला उद्यापासून कायमची रजा मिळावी. आपली व आपल्या मंडळींची काही आबाळ झाली असल्यास माफी असावी. बदली..."

तिचा आवाज थांबला. पुढे नुसती रेघ होती.

करडे तेवढी चुकचुक करत होती. मग मागून साहिलने, कसलीही चेष्टा न करता, विचारले, "सर, बदली कोण?"

सर शालीची घडी घालू लागले. ती ओली शाल घडी होण्यासारखी राहिली नव्हती. "न्हाई कुणी," ते म्हणाले.

"मग नामंजूर," सानिका म्हणाली.

"अगं, सरकारी नियम आहे तो," हेडसर म्हणाले.

"मग सरकारनं बदली द्यावी, सर. मी मुख्य पालक हाय. बदलीबिगर सही करणार न्हाई." आणि तिने सरांचेच लाल पेन उचलून अर्जावर खरोखर "नामंजूर" लिहिले.

त्या क्षणी मी कोणताही हिशेब केला नाही, हे मी एका शास्त्रज्ञाची कबुली म्हणून लिहीत आहे. मी कागद घेतला आणि रेघेवर माझे नाव लिहिले.

"तुमी तर पुण्याला चालल्या," सर म्हणाले.

"जूनमध्ये. जाण्याआधी बदली शोधेन. आक्कासमोर अर्ज वाचेन."

सरांचा चेहरा थोडा हलला, पण ते गाडेकर सर होते. "तोंडी चालणार न्हाई," ते म्हणाले. "सही करा."

मी सही केली. सानिकाने "नामंजूर" खोडून "मंजूर" केले. हेडसरांनी माझी लेखी जबाबदारी तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून लिहून घेतली आणि गाड्यांच्या शेडचा विषय मिटला. मुलांनी जो जल्लोष केला, त्याने घाबरून माझ्या बाराही कोंबड्या छपरावर जाऊन बसल्या.

सोमवारपासून सात वाजून बारा मिनिटांनी हजेरी मी घेऊ लागले. वजनही मी करू लागले. रकान्यात आता "वजा म्याडम" आले. सर मात्र गोठ्याकडे फिरकले नाहीत. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. मला राग आला होता. इतका जीव होता आणि एक चक्कर नाही? मी कोल्हारच्या बाजारात त्यांना गाठून विचारले, तर ते संकोचून म्हणाले, "रजेवरच्या माणसानं गोठ्यात येऊ नये, म्याडम. बदलीवर विश्वास न्हाई असं दिसतं ते."

फेब्रुवारीत बिजलीने मला काट्यावरून खाली पाडले. माझा घोटा सुजला, आणि पहिला शनिवार तोंडावर आला होता. मी सरांना लेखी विनंती पाठवली. ते आले, तोच पांढरा सदरा घालून. शेळ्यांनी असा काही गलका केला की तिसरीच्या वर्गातली मुले खिडकीत जमली. सर एकेका शेळीला कवेत घेऊन काट्यावर चढले आणि साहिलने फळ्यावर वजाबाक्या केल्या, जुन्या सवयीप्रमाणे, वजा एकसष्ट.

पहिल्या वजाबाकीनंतर तो गोंधळला. तिसऱ्या वजाबाकीनंतर त्याचा आवाज चिरकला. "म्याडम, ठमाबाई पावणेतीन किलो घटली. मैनाताईबी. चंद्राबाईबी!"

पाचही शेळ्या घटल्या होत्या. सानिकाच्या डोळ्यांत पाणी आले. दोन महिने मी या जनावरांची बदली होते. पण मी फळ्याकडे पाहिले आणि माझे डोके चालू लागले. आक्काला दोन करडे पीत होती, बिजली दोघींचे खात होती, चंद्राबाई गाभण होती. पाच जणींच्या पाच निराळ्या तऱ्हा आणि घट मात्र जवळजवळ एकच? हे जीवशास्त्रात बसत नाही. चूक शेळ्यांत नव्हती. पाचही वजाबाक्यांत जे समान होते, तिथे होती.

"सर," मी म्हणाले, "जरा एकटे उभे राहा."

"माझं वजन एकसष्ट हाय."

"नोंद करायची आहे, सर. तोंडी चालणार नाही."

ते चढले. मी दांडीवरचे वजन मागे, आणखी मागे सरकवत गेले. अठ्ठावन्न किलो दोनशे ग्रॅम.

"काटा बिघडलाय," सर घाईने म्हणाले.

किराणा दुकानातले वीस किलोचे शिक्क्याचे माप मी आधीच मागवून ठेवले होते. ते काट्यावर ठेवले. दांडी बरोबर विसावर थांबली. खिचडी नव्हती, ताटाला ताट लावून बसणारी मुले नव्हती. एकट्यासाठी दुपारी चूल कोण पेटवतो? हे मला त्या आकड्यात स्वच्छ दिसले, आणि मुलांनाही दिसले असावे. मग साहिलने, बिजलीच्या पालकाने, अगदी हळू विचारले, "सर, घरी वातावरण कसं हाय?"

सर काट्यावरून उतरले नाहीत. आक्काकडे बघत उभे राहिले. "शांत हाय," ते म्हणाले. मग पुन्हा, "लई शांत हाय."

सानिकाने नाक पुसले, नोंदवही ओढली आणि बिजलीच्या खाली नवी ओळ आखली. नाव: गाडेकर सर. मुख्य पालक: सानिका, इयत्ता आठवी. शेरा: वजन घटले, लक्ष द्यावे. श्रेया आणि साहिल यांनी बदली म्हणून सह्या केल्या. सरांनी चष्मा काढून ती ओळ वाचली, आणि त्यांना तिच्यात दोष काढण्यासारखे काही सापडले नाही. हेडसरांनी शोधून काढले की खिचडीची चव पालकांपैकीही कुणी घेऊ शकतो. आता सर रोज बारा वाजता आक्काच्या करडांचे पालक म्हणून येतात आणि नोंदवहीत सही करून दोन ताटे चव घेतात. आमच्या वहीतल्या शेळ्यांची वजने मी नव्या आकड्याने पुन्हा काढली. पाचही जणी वाढल्या होत्या.

वजनाचा रकाना आता दर महिन्याला खरा भरला जातो. सर कुरकुरत आधी एकटे उभे राहतात आणि सानिका स्वतः दांडी वाचते. मार्चच्या पहिल्या शनिवारची, माझ्या हातची आतापर्यंतची शेवटची नोंद अशी:

गाडेकर सर : एकोणसाठ किलो नऊशे ग्रॅम.